एकाच रंगाच्या दोन तारा

धामणगाव बढेसारख्या गावात पेट्रोल गाडीची रोजची धाव फार मोठी नसते. घर ते शेत, शेत ते कृषी केंद्र, मुलांची शाळा, तालुक्याच्या कामासाठी मोताळा. कधी मलकापूरला रेल्वे गाठायची असते, कधी राजूर घाट चढून बुलढाण्याला जायचं असतं. एरवी सगळं दोन-चार किलोमीटरचं. इंजिन तापतं न तापतं तोच चावी बंद, आणि तासाभरानं पुन्हा स्टार्टर. अशा गाडीत कधीतरी डॅशबोर्डवर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागतो. गाडी बंद पडत नाही, आवाज बदलत नाही, म्हणून मालक आठवडाभर दुर्लक्ष करतो. मग कळतं की ॲव्हरेज उतरलंय. गॅरेजात स्कॅनर लावला की पडद्यावर येतं: पी ०१३५. मिस्त्री सांगतो, "भाऊ, ऑक्सिजन सेन्सर गेला. नवा टाकावा लागते."

नवा सेन्सर काही हजारांचा. तो मलकापूर-बुलढाण्यात मिळाला तर बरं, नाहीतर अकोल्याहून मागवायचा. पार्ट येतो, बसतो, कोड उडवला जातो, दिवा विझतो. दोन-चार दिवसांनी तोच दिवा पुन्हा लागतो, आणि मग डुप्लिकेट पार्ट, भेसळीचं पेट्रोल, गाडीच खराब अशी चर्चा सुरू होते. यांतलं काहीही खरं असू शकतं. पण पी ०१३५ हा कोड 'सेन्सर गेला' असं म्हणतच नाही, हे आधी ध्यानात घेतलं पाहिजे. त्याचं म्हणणं एवढंच की पहिल्या ऑक्सिजन सेन्सरच्या हीटरच्या सर्किटमध्ये गडबड आहे. त्या सर्किटमध्ये हीटर येतो, तसा फ्यूज येतो, रिले येतो, इंजिनावरून गेलेलं वायरिंग येतं, कपलरच्या पिना येतात आणि शेवटी ईसीयूमधला, म्हणजे इंजिनाच्या संगणकातला, हीटरची अर्थ बाजू चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टरही येतो. यांपैकी कोण दोषी हे संगणकाला कळत नाही. त्याला फक्त एवढं कळतं की आपण करंट मागितला आणि हवा तेवढा वाहिला नाही.

मुळात सेन्सरला हीटर लागतोच कशाला? सायलेन्सरच्या पाइपात बसलेल्या वस्तूला गरम करायला वीज खर्चायची म्हणजे जरा विचित्रच वाटतं.

सेन्सरच्या टोकावरच्या भोकं पाडलेल्या टोपीखाली झिर्कोनियाचा, म्हणजे झिर्कोनियम ऑक्साइडचा, सिरॅमिक तुकडा असतो. त्याच्या दोन्ही अंगांना प्लॅटिनमचा पातळ, सच्छिद्र थर असतो. एका अंगाला इंजिनातून आलेला जळका वायू, दुसऱ्या अंगाला बाहेरची स्वच्छ हवा. हवेत सुमारे २१ टक्के ऑक्सिजन असतो, जळक्या वायूत अगदी थोडा. या फरकामुळे ऑक्सिजनचे आयन सिरॅमिकमधून जास्तीकडून कमीकडे सरकू पाहतात आणि दोन थरांमध्ये व्होल्टेज तयार होतो. इंजिनाला पेट्रोल जास्त जात असेल तर जळक्या वायूत ऑक्सिजन उरतच नाही, आणि व्होल्टेज ०.८-०.९ व्होल्टपर्यंत चढतो. हवा जास्त असेल तर तो ०.१ च्या आसपास उतरतो. मधली रेघ ०.४५ ची. एक किलो पेट्रोल पुरतं जाळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. त्या प्रमाणाच्या अलीकडे-पलीकडे जाताना हा व्होल्टेज एकदम उडी मारतो. ईसीयू त्या उडीकडे पाहत इंजेक्टर किंचित कमी, किंचित जास्त उघडत राहतो. सेकंदाला एकदा-दोनदा अशी ही नाडी चालू असते.

आता आयन घन सिरॅमिकमधून सरकतात तरी कसे? झिर्कोनियात थोडा यिट्रियम ऑक्साइड मिसळलेला असतो. त्यामुळे स्फटिकात ऑक्सिजनच्या काही जागा रिकाम्या राहतात. पंगतीत मधला पाट रिकामा असला की शेजारचा सरकतो, मग त्याच्या जागी त्याच्या शेजारचा, तसे आयन या रिकाम्या जागांमधून पुढे जातात. मात्र त्यासाठी उष्णता हवी. सिरॅमिक थंड असलं की आयन जागेवरून हलत नाहीत आणि सेन्सरचा अंतर्गत रोध प्रचंड असतो. त्यातून निघणारा व्होल्टेज इतका दुबळा की ईसीयूला तो वाचताच येत नाही. सेन्सर भरवशाचं बोलायला लागतो तो तीनशे-साडेतीनशे अंश सेल्सिअसच्या पुढे. उन्हाळ्यात घाटाखाली पारा ४४-४५ वर जातो, बॉनेटवर हात ठेववत नाही. तरी सेन्सरच्या हिशेबात ती गाडी थंडच.

ही अडचण मोटारीपेक्षा जुनी नसली तरी तिच्याच वयाची आहे. जर्मन शास्त्रज्ञ वॉल्थर नर्न्स्ट यानं १८९० च्या दशकात झिर्कोनिया आणि यिट्रियाच्या मिश्रणाची बारीक कांडी वापरून विजेचा दिवा केला. कार्बन फिलामेंटच्या बल्बपेक्षा तो अधिक पांढरा उजेड देई आणि त्याला निर्वात काचेची गरज नसे. पण बटण दाबलं की लागेल असा तो दिवा नव्हता. थंड कांडीतून वीज वाहतच नसे. सुरुवातीला तिला चक्क ज्योत दाखवून तापवावं लागे, पुढे शेजारी प्लॅटिनमच्या तारेचा हीटर बसवला गेला. टंगस्टनच्या बल्बपुढे हा दिवा मागे पडला, नर्न्स्टला १९२० सालचं रसायनशास्त्राचं नोबेल उष्मारसायनातल्या दुसऱ्याच कामासाठी मिळालं. आज आपल्या सायलेन्सरच्या पाइपात तेच सिरॅमिक आहे, त्याच्या शेजारी तसाच हीटर आहे, आणि त्यातून किती व्होल्टेज निघेल हे सांगणारं समीकरणही नर्न्स्टनंच १८८९ मध्ये मांडलेलं. विजेच्या दिव्याची गोष्ट अशी फिरून ॲव्हरेजच्या तक्रारीपर्यंत आली.

मोटारीत हा सेन्सर पहिल्यांदा बसला तो १९७६ मध्ये. बॉशनं बनवला आणि व्होल्वोच्या अमेरिकेत जाणाऱ्या गाड्यांत बसला. कॅलिफोर्नियाचे धुराचे नियम पाळायला त्रिमार्गी कॅटॅलिटिक कन्व्हर्टर हवा होता, आणि तो कन्व्हर्टर पेट्रोल-हवेचं प्रमाण अगदी काटेकोर असलं तरच तिन्ही विषारी वायूंवर एकाच वेळी काम करतो. त्या पहिल्या सेन्सरला हीटर नव्हता. इंजिनाचा धूर त्याला तापवेल, तोवर गाडी अंदाजानं पेट्रोल ओढेल, असा मामला. हीटर असलेले सेन्सर १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आले. त्यामुळे चावी फिरवल्यापासून मिनिटाभराच्या आत सेन्सर कामाला लागू शकला, आणि तो मॅनिफोल्डला अगदी चिकटून न बसवता थोडा दूर बसवण्याचीही मुभा मिळाली.

आपल्याकडे हे सगळं टप्प्याटप्प्यानं आलं, आणि त्या टप्प्यांचा गॅरेजातल्या गोंधळाशी थेट संबंध आहे. कन्व्हर्टर आला तो १९९५ मध्ये, चार महानगरांतल्या नव्या पेट्रोल गाड्यांपुरता. २००० मध्ये शिशाचं पेट्रोल देशभर बंद झालं. शिसं कन्व्हर्टरलाही मारतं आणि सेन्सरलाही, त्यामुळे ते जाणं भागच होतं. एप्रिल २०१० मध्ये धुराच्या नियमांचा बीएस-फोर टप्पा आला तेव्हा फक्त तेरा शहरांत. त्या तेरांत महाराष्ट्रातली तीन होती, मुंबई, पुणे आणि सोलापूर. उरलेल्या महाराष्ट्राला, म्हणजे बुलढाणा जिल्ह्यालाही, बीएस-थ्री. दोष स्वतः नोंदवणारी ओबीडी यंत्रणा सक्तीची होती ती बीएस-फोरला. देशभर बीएस-फोर झालं एप्रिल २०१७ मध्ये आणि बीएस-सिक्स एप्रिल २०२० मध्ये. याचा अर्थ असा की २०१४ साली गावाजवळच्या शोरूममधून घेतलेली एमएच-२८ पासिंगची गाडी आणि पुण्याहून सेकंडहँड आणलेली त्याच मॉडेलची, त्याच वर्षाची एमएच-१२ गाडी, या दोन्हींत फरक असू शकतो. बीएस-थ्रीला सहसा एकच सेन्सर, बीएस-फोरला दोन, एक कन्व्हर्टरच्या आधी आणि एक नंतर. एकीचं अनुभवलेलं दुसरीला लावायला गेलं की फसगत होते.

हा आधीचा आणि नंतरचा भेद नीट समजून घ्यावा, कारण चुकीचा सेन्सर बदलला जाण्याचे प्रकार यातूनच घडतात. पी ०१३५ हा पुढच्या सेन्सरच्या हीटरचा कोड, पी ०१४१ मागच्याच्या हीटरचा. पी ००३१ आणि ००३२ हेही पुढच्याच्या हीटरचे, पी ००३७ आणि ००३८ मागच्याच्या हीटरचे. पुढचा सेन्सर पेट्रोलचा हिशेब ठेवतो. मागचा मुख्यतः कन्व्हर्टर नीट काम करतोय का यावर नजर ठेवतो. मागच्याचा हीटर गेला तर दिवा लागेल, पण ॲव्हरेजवर फारसा परिणाम दिसणार नाही. ॲव्हरेज पडलंय आणि कोड मागच्या सेन्सरचा आहे, तर ॲव्हरेजचं कारण बहुधा दुसरीकडेच शोधावं लागेल. टायरची हवा आणि एअर फिल्टर इथून सुरुवात केली तरी चालेल.

पुढच्याचा हीटर गेला की काय होतं? ईसीयू सेन्सरची वाट पाहत राहतो आणि तोवर आपल्या स्मरणातल्या तक्त्यावरून पेट्रोल सोडतो. या तक्त्याचा कल थंड इंजिनाला थोडं जास्त पेट्रोल देण्याकडे असतो. मोठ्या रस्त्यावर, मलकापूरहून राष्ट्रीय महामार्ग ५३ ला लागून अकोल्याकडे निघालात तर दहा मिनिटांत धुरानंच सेन्सर तापतो आणि हीटर नसला तरी काम चालतं. म्हणून लांब पल्ल्याच्या ड्रायव्हरला हा बिघाड जाणवतच नाही. गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीला मात्र तो सगळ्यात जास्त भोवतो. तिचा सेन्सर धुरानं तापायच्या आत प्रवास संपतो. बाजारात इंजिन चालू ठेवून पाच मिनिटं थांबलात तर आयडलच्या मंद धुरात तापलेला सेन्सरही पुन्हा थंडावतो. जास्तीचं पेट्रोल जळत नाही ते प्लगवर काजळी होऊन बसतं, बाकीचं कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि त्याचं आयुष्य खातं. कन्व्हर्टर सेन्सरच्या कितीतरी पट महाग.

वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलनं यात आणखी एक पदर आणलाय. शुद्ध इथेनॉलला जळायला साधारण नऊ पट हवा लागते, पेट्रोलला १४.७ पट, त्यामुळे मिश्रणाला सुमारे साडेतेरा पट. शुद्ध पेट्रोल धरून केलेल्या तक्त्यावर चालणारी जुनी गाडी सेन्सरकडे पाहूनच हा फरक भरून काढते. सेन्सरच उशिरा जागा होत असेल तर तोवर ती आधी शिकलेल्या दुरुस्तीवर भागवते, आणि ती शिकवणीही अर्धवट सेन्सरकडून झालेली असू शकते.

तपासाची सुरुवात थंड इंजिनावर करावी, शक्यतो सकाळी. स्कॅनरवर कोड वाचून तिथंच थांबू नये, लाइव्ह डेटा उघडून पुढच्या सेन्सरच्या व्होल्टेजकडे पाहावं. बहुतेक गाड्यांत थंड सेन्सरची रेघ ०.४५ च्या आसपास सपाट असते, कारण ईसीयू स्वतःच तेवढा व्होल्टेज तिथे लावून ठेवतो. काही कंपन्यांच्या गाड्यांत ती शून्याजवळ असते. हीटर ठीक असेल तर अर्ध्या-एक मिनिटात रेघ वर-खाली नाचू लागते. हीटर नसेल तर ती बराच वेळ मुकाट राहते आणि इंजिन चांगलं तापल्यावर, एखाद वेळा फक्त रेस दिल्यावर, नाचू लागते. उशिरा का होईना नाचली, म्हणजे सिरॅमिक जिवंत आहे. बिघाड तापवण्याच्या व्यवस्थेत आहे, एवढं इथेच पक्कं होतं.

पुढची पायरी फ्यूज. बॉनेटखालच्या किंवा स्टीअरिंगजवळच्या फ्यूज बॉक्सच्या झाकणावर नकाशा असतो. पुढच्या-मागच्या दोन्ही सेन्सरच्या हीटरना बऱ्याच गाड्यांत एकाच फ्यूजमधून वीज जाते. म्हणून पी ०१३५ आणि पी ०१४१ एकदम आले तर दोन सेन्सर एकाच दिवशी कसे गेले असा विचार करण्याआधी तो फ्यूज उपटून बघावा. फ्यूज जळलेला निघाला तर आनंदानं नवा घालून मोकळं होऊ नये. फ्यूज उगाच जळत नाही. सेन्सरच्या तारा गरम मॅनिफोल्डला टेकून वितळल्यात का, सायलेन्सरचं काम झाल्यावर वायर क्लिपमध्ये न अडकवता तशीच लोंबत राहिलीय का, हे आधी पाहावं. जास्त अँपिअरचा फ्यूज किंवा तांब्याची तार घालणं म्हणजे पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायरिंग जळायची सोय करणं.

मग कपलर. साधारण सेन्सरला चार तारा असतात. त्यांतल्या दोन एकाच रंगाच्या असतात, बॉशच्या पद्धतीत दोन पांढऱ्या, डेन्सोच्या पद्धतीत दोन काळ्या. त्या दोन हीटरच्या. उरलेल्या दोनांपैकी एक सिग्नलची, एक तिच्या अर्थची. रंगांची ही खूण सेन्सरकडच्या अर्ध्या कपलरलाच लागू असते, गाडीकडच्या हार्नेसचे रंग वेगळे असतात. कपलर सोडवा. आत हिरवट गंज दिसतोय का, एखादी पिन मागे सरकलीय का, काळ्या मातीचा गारा शिरलाय का, बघा. पावसाळ्यात शेतरस्त्यावरून आलेली गाडी प्रेशरच्या पाण्यानं खालून धुतली जाते आणि जुन्या रबरी सीलमधून पाणी आत जातं. उंदरांचा त्रास तर सांगायलाच नको. मक्याची पोती ठेवलेल्या शेडमध्ये गाडी उभी राहत असेल तर वायरिंगवर दातांच्या खुणा शोधाव्यात.

आता मल्टीमीटर ओहमवर लावा. आधी त्याच्या दोन्ही टोकांना एकमेकांस टेकवून स्वतःच्या वायरीचा रोध बघून घ्या, तो तीन-चार दशांश ओहम असतो आणि इथे तेवढाही महत्त्वाचा ठरतो. मग सेन्सरकडच्या दोन एकरंगी तारांच्या पिनांवर टोकं लावा. थंड हीटर साधारण तीन ते पंधरा ओहम दाखवतो. नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो आणि तोच खरा मानावा. मीटर काहीच दाखवत नसेल, सर्किट उघडं म्हणत असेल, तर हीटरची तार आत तुटलीय. इथे नवा सेन्सर घेण्याला पर्याय नाही, कारण तो उघडून दुरुस्त होत नाही. शून्याच्या अगदी जवळ आकडा आला तर आतल्या आत शॉर्ट. याच वेळी एक टोक हीटरच्या पिनला आणि दुसरं सेन्सरच्या धातूच्या अंगाला लावून पाहा. तिथे वाट मिळाली तर हीटर बॉडीला टेकलाय आणि फ्यूज का जळतो याचंही उत्तर सापडलं. मोजणी थंडपणी करायची ती यासाठी की हीटरचा रोध तापल्यावर बराच वाढतो. गरम सेन्सरवर वाढलेला आकडा पाहून चांगला हीटर बाद ठरवला जाऊ शकतो.

हीटरचा आकडा बरोबर आला, तर नवा सेन्सर विकत घेण्याचा विषय तूर्त बाजूला. तिढा गाडीकडच्या वायरिंगमध्ये आहे, आणि इथे मल्टीमीटर फसवतो. कपलरच्या पुरवठा पिनवर तो बारा व्होल्ट दाखवेल आणि आपण म्हणू, वीज तर येतेय. पण मीटर जवळजवळ शून्य करंट ओढतो. तारेतल्या वीस केसांपैकी एक जरी शिल्लक असला तरी तेवढ्या करंटला तो पुरतो. हीटरला मात्र थंडपणी एक ते दोन अँपिअर लागतात. म्हणून बारा व्होल्टचा, इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब होल्डरमध्ये बसवून त्याला दोन वायरी जोडाव्यात. तो सुमारे पावणेदोन अँपिअर ओढतो, जवळपास हीटरएवढाच. चावी ऑन करा, आणि पुरवठा काही गाड्यांत इंजिन चालू झाल्यावरच येत असल्यानं गरज पडल्यास इंजिन सुरू करा. बल्बची एक वायर कपलरच्या पुरवठा पिनला आणि दुसरी इंजिनाच्या स्वच्छ धातूला. बल्ब लख्ख लागला तर पुरवठा खरोखर चांगला. मिणमिणला तर वाटेत कुठेतरी गंज किंवा तुटकी तार आहे. अजिबात लागला नाही तर फ्यूज आणि रिलेकडे परत जा. दहा-वीस रुपयांच्या बल्बनं काही हजारांचा निर्णय होतो, आणि तरी गॅरेजात स्कॅनर आधी निघतो, बल्ब शेवटी. स्कॅनरचा पडदा दिसायला भारी असतो, एवढंच त्याचं कारण मला दिसतं.

राहिली दुसरी पिन, ईसीयूकडे जाणारी. बहुतेक गाड्यांत हीटरला वीज कायम तयार असते आणि ईसीयू अर्थची बाजू सेकंदाला अनेकदा जोडून-तोडून उष्णता कमी-जास्त करतो. याला कारण आहे. थंड सायलेन्सरच्या पाइपात पाण्याचे थेंब साचलेले असतात. लालभडक सिरॅमिकवर थेंब पडला तर तडा जातो. म्हणून पाइप कोरडा होईपर्यंत ईसीयू हीटरला मोजून-मापून वीज देतो. ही बाजू तपासायला लहान, पाच वॅटचा बल्ब घ्यावा, बॅटरीच्या पॉझिटिव्ह आणि या कंट्रोल पिनच्या मध्ये. इंजिन सुरू केलं की तो लुकलुकला किंवा मंद लागला पाहिजे. बल्बाशिवाय नुसती पॉझिटिव्ह वायर या पिनला कधीही टेकवू नये, ईसीयूमधला ट्रान्झिस्टर त्या क्षणी जाईल. बल्ब लागलाच नाही तर बॅटरी सोडून, कपलरपासून ईसीयूच्या पिनेपर्यंत तार सलग आहे का ते मोजावं. तार सलग, पुरवठा ठीक, हीटर ठीक, आणि तरीही बल्ब बंद, तेव्हाच ईसीयूचं नाव घ्यावं. गप्पांत मात्र ते सगळ्यात आधी घेतलं जातं.

बिघाड अधूनमधून येत-जात असेल तर बल्ब जोडलेला ठेवून हार्नेस हातानं हलवत जावं. जिथे हलवल्यावर बल्ब डोळा मारतो तिथे इन्सुलेशन सोलून पाहावं.

सेन्सर खरंच बदलायचा ठरला तर तो काढणं हेही एक काम असतं. पाइपाच्या उष्णतेनं आटे जाम होतात. इंजिन कोमट असताना, पूर्ण थंड नसताना, आट्यांवर गंज सैल करणारं तेल मारून थोडं थांबावं आणि २२ चा, बाजूनं चीर असलेला सॉकेट वापरावा. उघड्या पान्यानं षटकोनाचे कोपरे गोल होतात आणि मग गॅसकटरवाल्याकडे जायची वेळ येते. नव्याच्या आट्यांना उष्णता सोसणारं अँटीसीझ लावायचं, तेही आट्यांनाच, टोकाच्या भोकांना मुळीच नाही. पुष्कळ नव्या सेन्सरना ते आधीच लावलेलं असतं. घट्ट करायचा तो ४० ते ५० न्यूटन-मीटरपर्यंत, पूर्ण ताकद लावून नाही.

एक खोड मोडायला हवी. दुसऱ्या गाडीचा स्वस्त सेन्सर आणून, कपलर कापून, तारा पिळून टेप मारणं. एक तर हीटरचा रोध वेगळा असला तर ईसीयूला तो पटत नाही आणि कोड परत येतो. शिवाय पुष्कळ सेन्सरना आतल्या बाजूची स्वच्छ हवा त्यांच्या तारांच्या केसांमधल्या पोकळीतूनच मिळते. तारेवर सोल्डर ओतलं किंवा कपलरमध्ये ग्रीस आणि क्लीनर भरला की ती वाट बंद होते, तुलनेला हवाच उरत नाही, आणि चांगला सेन्सर खोटं बोलायला लागतो. जोड अटळ असेल तर तो दाबून बसवायच्या क्रिम्पनं द्यावा. नव्या काही गाड्यांत पाच-सहा तारांचा वाइडबँड सेन्सर असतो. त्याचा हीटर अधिक ताकदीचा, तापमान सातशे अंशांच्याही पुढे, आणि तिथे वरचे ओहमचे आकडे चालत नाहीत. उलट काही लहान दुचाकींच्या सेन्सरला एकच तार असते आणि हीटरच नसतो, तेव्हा तिथे तो शोधत बसू नये.

दिवा घालवायची आणखी एक युक्ती फिरते. हीटरच्या जागी तेवढ्याच ओहमचा जाड रेझिस्टर लावून देणं. करंट वाहतो, ईसीयू समाधानी, दिवा बंद. उष्णता मात्र सेन्सरमध्ये न होता बॉनेटखाली लटकलेल्या त्या रेझिस्टरमध्ये होते. सेन्सर पूर्वीइतकाच थंड, पेट्रोल पूर्वीइतकंच जास्त, आणि आता ते सांगणारा दिवाही नाही. हिशेब कधीतरी पीयूसीच्या यंत्रावर निघतो. बीएस-फोर पेट्रोल गाडीला आयडलला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.३ टक्के आहे, आणि मिनिटाला सुमारे २५०० फेऱ्यांवर लॅम्डाचा, म्हणजे हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचा, आकडा ०.९७ ते १.०३ च्या मध्येच असावा लागतो. थंड सेन्सरच्या गाडीला हा पट्टा जड जातो. मिस्त्री मग पीयूसीला जाण्याआधी गाडी चांगली पळवून न्यायला सांगतो, म्हणजे धुरानं सेन्सर तापतो. परीक्षा पास होते, रोजचं पेट्रोल तसंच जातं.

दुरुस्ती झाल्यावर कोड उडवून गाडी लगेच मालकाच्या हाती देऊ नये. उडवल्यावर दिवा विझतोच, तो विझणं हा पुरावा नाही. रात्रभर गाडी उभी ठेवून सकाळी पहिल्या स्टार्टला लाइव्ह डेटा पाहावा. मिनिटाभरात रेघ नाचू लागली, म्हणजे काम झालं. स्कॅनर हाताशी नसला तरी हरकत नाही. बिघाड गेलेला असेल तर लागोपाठ तीन निर्दोष फेऱ्यांनंतर दिवा बहुतेक गाड्यांत आपोआप विझतो. कोड स्मरणातून जायला मात्र इंजिन चाळीसेक वेळा थंड होऊन तापावं लागतं. तेवढ्या मुदतीत दुसऱ्या कुणी सहज स्कॅनर लावला तर जुना पी ०१३५ त्याला दिसेल, आणि तो पाहून पुन्हा सेन्सर मागवायचं काही कारण नाही.